घंटी वाजते, पण आवाज का येत नाही?

दुकानात इंटरनेटवर चालणारे फोन बसविले. दुकानातून गोदामात बोलणे उत्तम होते. परंतु बाहेरगावच्या व्यापाऱ्याचा फोन आला की घंटी वाजते, फोन उचलला जातो, आपण "हॅलो, हॅलो" म्हणत राहतो आणि पलीकडून काहीच ऐकू येत नाही. कधी याच्या उलट होते. आपल्याला त्याचे सर्व ऐकू येते, त्याला मात्र आपला शब्दही पोहोचत नाही. कारागीर येतो, वायर बदलतो, फोन बदलून पाहतो आणि बिल घेऊन जातो. दोष होता तेथेच राहतो.

अशा वेळी दोष बहुधा वायरीत नसतो आणि फोनच्या यंत्रातही नसतो. तो फोन व इंटरनेट यांच्या मध्ये बसलेल्या राउटर नावाच्या लहानशा पेटीत असतो. ही पेटी पत्ते बदलण्याचे काम करते आणि फोनची भाषा तिला कळत नाही. हा विषय केवळ इंजिनियर मंडळींचा आहे असे समजून आपले व्यापारी बांधव तो सोडून देतात. परंतु कोणता फोन घ्यावा आणि कोणता घेऊ नये, या प्रश्नाचे उत्तर याच विषयात दडलेले आहे. म्हणून आज आम्ही तो शक्य तितक्या सोप्या शब्दांत मांडीत आहोत.

एका पत्त्यावर अनेक माणसे

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. हा पत्ता म्हणजे चार आकड्यांचा एक संच असतो. या जुन्या पद्धतीत एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते होऊ शकतात. सुरुवातीला ही संख्या अफाट वाटली. १९९० नंतर मात्र इंटरनेट इतके झपाट्याने वाढू लागले की पत्ते संपणार हे जाणकारांना दिसू लागले. तेव्हा मे १९९४ मध्ये पत्ते बदलण्याची योजना प्रसिद्ध झाली. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'नॅट' असे म्हणतात. फेब्रुवारी १९९६ मध्ये खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांचे नियमही ठरले. आपल्या दुकानातील संगणकावर १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसतो, तो याच राखीव पत्त्यांपैकी असतो. असे पत्ते घरोघरी व दुकानोदुकानी तेच ते असतात, त्यामुळे बाहेरच्या जगात त्यांना किंमत नसते.

याची कल्पना येण्यासाठी मुंबईतील गावाची खोली आठवावी. कोकणातून जहाजावरील नोकरीसाठी येणाऱ्या मंडळींची गावाच्या नावाने एक खोली असे. राहणारे वीस-पंचवीस, पण पोस्टमनच्या लेखी पत्ता एकच. समजा, त्या खोलीत एक मुनशी आहे. कोणीही पत्र लिहिले की मुनशी लिफाफ्यावर पाठविणाऱ्याच्या खाटेचा क्रमांक खोडून खोलीचा पत्ता घालतो, बाजूला एक नोंद क्रमांक लिहितो आणि आपल्या वहीत टिपून ठेवतो की, अमुक क्रमांक म्हणजे तिसऱ्या खाटेवरचा माणूस. उत्तर त्या क्रमांकासह आले की वही उघडून ते योग्य माणसाच्या हाती देतो. ज्या पत्रावर वहीतला क्रमांक नाही, ते तो परत पाठवितो किंवा फेकून देतो.

राउटर हेच करतो. त्याच्या नोंद क्रमांकाला 'पोर्ट' म्हणतात आणि पत्राच्या जागी माहितीचे 'पॅकेट' असते. हे काम करणारी सॉफ्टवेअरे काही कंपन्यांनी विकली, तर काही जगभरच्या प्रोग्रामरांनी लिहून सर्वांसाठी खुली ठेवली. फ्रीबीएसडी या प्रणालीतील 'लिबएलियस' आणि लिनक्समधील 'नेटफिल्टर' ही या खुल्या सॉफ्टवेअरची प्रसिद्ध उदाहरणे आहेत. नेटफिल्टर २००१ साली लिनक्सच्या २.४ या आवृत्तीबरोबर सर्वांच्या हाती आले. आज बाजारात मिळणाऱ्या अनेक स्वस्त राउटरच्या पोटात लिनक्सच चालते. म्हणजे आपण नाव ऐकले नसले तरी हा मुनशी आपल्या दुकानात काम करीत असण्याचा संभव आहे.

लिफाफ्यावरचा पत्ता आणि पत्रातला पत्ता

साध्या कामांत ही व्यवस्था चोख चालते. फोनच्या बाबतीत मात्र ती अडते. इंटरनेटच्या फोनमध्ये दोन वेगळी बोलणी चालतात. पहिले बोलणे फोन जोडण्याचे असते: कोण बोलवितो आहे, कोणाला, घंटी वाजवा, उचलला, ठेवला. दुसरे बोलणे म्हणजे प्रत्यक्ष आवाज. आवाजाची पॅकेटे वेगळ्या वाटेने, वेगळ्या पोर्टवर येतात. ती कोठे पाठवायची, हे पहिल्या बोलण्यात सांगितलेले असते.

घोटाळा होतो तो येथेच. फोन पत्राच्या आत लिहितो, "माझ्यासाठीचा आवाज १९२.१६८.१.२० या पत्त्यावर पाठवा." मुनशी लिफाफ्यावरचा पत्ता बदलतो, परंतु आतील मजकूर तसाच राहतो. पलीकडचा फोन आतील पत्ता वाचून आवाज पाठवितो आणि तो पत्ता बाहेरच्या जगात अस्तित्वातच नसतो. जोडणीची पत्रे नीट पोहोचल्यामुळे घंटी वाजते, पण आवाज मात्र हरवतो.

यावर उपाय एकच दिसतो. मुनशीने पत्र उघडावे, आतील पत्ता शोधावा, त्या जागी खोलीचा पत्ता घालावा आणि आवाज येणार आहे अशी नोंद वहीत आधीच करून ठेवावी. अशा कामासाठी नॅटच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक भाषेचा वेगळा मदतनीस लिहावा लागतो. आणि मदतनीस लिहावयाचा तर ती भाषा यावयास हवी.

भाषाही अनेक आहेत. 'एच.३२३' हा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९६ मध्ये मंजूर केलेला शिरस्ता. 'सिप' हा मार्च १९९९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला आणि जून २००२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. या दोन्ही भाषांचे नियम उघड आहेत, कोणीही ते मिळवून वाचावेत. सिपमध्ये मजकूर अक्षरांत लिहिलेला असतो, त्यामुळे तो वाचणे सोपे जाते. मात्र लहान पत्त्याच्या जागी लांब पत्ता आला की मजकुराची लांबी बदलते आणि लांबीचा आकडाही दुरुस्त करावा लागतो. खतावणीत एक रक्कम बदलली की खालची बेरीजही बदलावी लागते, तसाच हा प्रकार. एच.३२३ मध्ये माहिती इतकी दाबून भरलेली असते की पत्ता कोठे आहे हे कळण्यासाठी आधीचा सगळा मजकूर उलगडावा लागतो. लिनक्समध्ये या भाषेचा मदतनीस २००६ साली, २.६.१७ या आवृत्तीत दाखल झाला. भाषा उघड असूनही शिरस्ता ठरल्यापासून दहा वर्षे लोटली होती.

रुमालाखालचा सौदा

आता बंद भाषांकडे वळू. गुरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवितात, त्याला करपल्लवी म्हणतात. शेजारी उभा असलेला माणूस हात पाहतो, पण भाव त्याला कळत नाही. एखाद्या कंपनीने आपल्या फोनची भाषा स्वतःच ठरविली आणि नियम स्वतःजवळच ठेवले, तर तिचा व्यवहार असाच रुमालाखालचा होतो. फेब्रुवारी १९९५ मध्ये व्होकलटेक कंपनीने 'इंटरनेट फोन' हा प्रोग्राम बाजारात आणला, त्याची भाषा कंपनीची स्वतःची होती. पुढे एकीकडे उघड शिरस्ते आले, तरी दुसरीकडे बंद भाषांचे फोन निघतच राहिले.

यांतील सर्वांत मोठे उदाहरण 'स्किनी' या भाषेचे. ती सेल्सियस नावाच्या कंपनीने तयार केली आणि १९९८ मध्ये सिस्को कंपनीने सेल्सियस विकत घेतली. सिस्कोचे फोन जगभरच्या कचेऱ्यांत गेले आणि त्यांच्याबरोबर ही भाषाही गेली. स्किनीचा फोन स्वतः फारसा विचार करीत नाही. आपण बटण दाबले की तो 'कॉल मॅनेजर' नावाच्या मुख्य संगणकाला कळवितो, आणि कोणता दिवा लावायचा, पडद्यावर काय दाखवायचे, आवाज कोठे पाठवायचा, हे सर्व तो संगणक सांगतो. हा संवाद सामान्यतः २००० क्रमांकाच्या पोर्टवर चालतो. त्याचे नियम सिप किंवा एच.३२३ प्रमाणे सार्वजनिक मानक म्हणून प्रसिद्ध झाले नाहीत.

तरीही २००३ च्या सुमारास फ्रीबीएसडीच्या लिबएलियसमध्ये स्किनीचा मदतनीस आला. तो कसा काम करतो हे पाहण्यासारखे आहे. स्किनीत निरोपांचे प्रकार पुष्कळ आहेत. मदतनीस त्यांपैकी केवळ चारांकडे लक्ष देतो. फोन आपली नोंदणी करतो तो निरोप, फोन आपला पोर्ट कळवितो तो निरोप, "आवाज घेण्यास तयार आहे" हा निरोप, आणि "आवाज पाठविण्यास सुरुवात करा" हा निरोप. पत्ता किंवा पोर्ट या चारांतच येतो. बाकीच्या निरोपांना हात लावण्याचे कारण नाही. शिवाय स्किनीत पत्ता ठरलेल्या चार घरांत बसविलेला असतो. त्यामुळे जुना काढून नवा घातला तरी लांबी बदलत नाही. फक्त पॅकेटची तपासणीची बेरीज पुन्हा जुळवावी लागते.

यावरून एक गोष्ट आमच्या ध्यानात आली, ती वाचकांनीही ध्यानात घ्यावी. एच.३२३ उघड असून अवघड, तर स्किनी बंद असून तिचे हे काम तुलनेने सोपे. म्हणजे बंद भाषेत अडचण कारागिरीची नसते. अडचण असते ती माहितीची. पत्ता कोणत्या निरोपात आणि कोणत्या घरात आहे, एवढेच कळावयास हवे, आणि नेमके तेच सांगावयास कोणी बांधलेला नसतो. खरे फोन मिळवून, त्यांची पॅकेटे टिपून, एकेक आकडा ताडून पाहावा लागतो. ज्याच्याजवळ असे फोन नाहीत त्याला मदतनीस तपासताही येत नाही. आणि उद्या कंपनीने नव्या आवृत्तीत निरोपाची रचना बदलली तर मदतनीस त्या दिवशीच जुना होतो. लिनक्सच्या मुख्य भांडारात सिप व एच.३२३ यांचे मदतनीस आहेत, स्किनीचा मात्र नाही. फोन खपला म्हणजे त्याची भाषा सर्वत्र चालेल, असे गृहीत धरता येत नाही ते यामुळेच.

दुसऱ्याचे गुपित फोडणे रास्त आहे काय?

व्यवहारात सचोटी पाळणाऱ्या वाचकाच्या मनात हा प्रश्न येणारच. कंपनीने भाषा स्वतःजवळ ठेवली असताना ती शोधून काढणे म्हणजे चोरी नव्हे काय? येथे फरक समजून घेतला पाहिजे. कंपनीचा प्रोग्राम उचलून आपल्या नावावर विकणे ही चोरीच आहे. परंतु आपण पैसे देऊन घेतलेला फोन आपल्याच राउटरशी जुळावा म्हणून तो काय बोलतो हे समजून घेणे वेगळे. कायद्यानेही हा फरक मानला आहे. युरोपात १९९१ च्या निर्देशाने एका प्रोग्रामची दुसऱ्याशी जुळणी करण्यासाठी मर्यादित मुभा दिली. आपल्या देशातही कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये १९९९ च्या दुरुस्तीने अशी तरतूद आली. प्रोग्राम ज्याच्याजवळ कायदेशीररीत्या आहे, त्याला जुळणीसाठी आवश्यक माहिती मिळविता येते, मात्र ती माहिती अन्य मार्गाने सहज मिळत नसली पाहिजे. तेव्हा असे मदतनीस लिहिणाऱ्यांना चोर समजणे योग्य नाही. बहुतेकदा ते स्वतःची अडचण दूर करण्यासाठी लिहितात आणि केलेले काम सर्वांसाठी मोकळे ठेवतात.

मुनशीने सर्वांची पत्रे उघडावीत काय?

या उपायाला एक वाईट बाजूही आहे. मुनशी पत्रे उघडू लागला की त्याला फसविणेही शक्य होते. ऑक्टोबर २०२० च्या अखेरीस सॅमी कामकार या संशोधकाने हे दाखवून दिले. त्याने असे वेबपान तयार केले की ते पाहणाऱ्याचा ब्राउझर सिपच्या जोडणीसारखे दिसणारे पॅकेट पाठवी. राउटरमधील मदतनीस त्याला खरा फोन समजून बाहेरच्यांसाठी दार उघडून देई. त्यानंतर ब्राउझर बनविणाऱ्यांना सिपचे ५०६० व ५०६१ हे पोर्ट बंद करावे लागले.

खुल्या सॉफ्टवेअरमध्ये सावधगिरी आधीपासून होती. लिबएलियसच्या साह्याने चालणाऱ्या 'नॅटडी' या प्रोग्राममध्ये स्किनीचा मदतनीस आपोआप चालू होत नाही. मालकाने पोर्ट सांगून तो चालू करावयाचा असतो. लिनक्सनेही २०१६ च्या ४.७ या आवृत्तीपासून मदतनीस आपोआप नेमण्याची पद्धत बंद ठेवली. ज्याची पत्रे उघडावयाची त्याचे नाव मालकाने द्यावे, असा हा न्याय आहे.

शिवाय पत्राला कुलूप असेल तर मुनशी काय करणार? पुढे स्किनी व सिप या दोहोंतही संभाषण सांकेतिक करून पाठविण्याची सोय झाली. ते सुरक्षिततेसाठी चांगलेच आहे. परंतु वाटेवरील मदतनीसाला मग आतील पत्ता दिसतही नाही आणि बदलताही येत नाही.

दुसऱ्या वाटा

म्हणून जाणकारांनी दुसऱ्या वाटा शोधल्या. पहिली वाट म्हणजे दोन्ही बोलणी एकाच पोर्टवरून नेणे. ॲस्टरिस्क या खुल्या टेलिफोन सॉफ्टवेअरची 'आयएएक्स' ही भाषा असेच करते. जोडणी आणि आवाज दोन्ही ४५६९ या पोर्टवरून जातात, त्यामुळे मुनशीला आत पाहावेच लागत नाही. या भाषेचे नियमही २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.

दुसरी वाट म्हणजे फोननेच शहाणे होणे. मार्च २००३ मध्ये 'स्टन' ही पद्धत प्रसिद्ध झाली. तीत फोन बाहेरच्या एका संगणकाला विचारतो, "माझे पत्र तुमच्याकडे कोणत्या पत्त्यावरून आले?" जे उत्तर येते तोच पत्ता तो आतील मजकुरात लिहितो. २०१० मध्ये 'आइस' ही अधिक पूर्ण पद्धत आली. तीत दोन्ही फोन अनेक वाटा तपासून चालणारी वाट निवडतात. ब्राउझरमधून होणारे आजचे संभाषण याच पद्धतीवर चालते.

तिसरी वाट स्काइपची. २००३ मध्ये आलेल्या या प्रोग्रामची भाषा पूर्ण बंद होती, पण राउटर पार करण्याची युक्ती त्याच्या आतच होती. लोकांना काहीच करावे लागत नसे, म्हणून तो घरोघरी पोहोचला. परंतु मे २०२५ मध्ये मालक कंपनीने स्काइप बंद केला आणि त्याच्या भाषेचा दुसरा दुकानदार नसल्यामुळे वापरणाऱ्यांना दुसरीकडे जावे लागले. बंद भाषेची सोय गोड असते, पण तिची किल्ली आपल्या हातात नसते.

व्यापारी बांधवांनी काय करावे?

१. फोन घेण्यापूर्वी दुकानदाराला विचारावे, "हा कोणत्या भाषेत बोलतो?" उत्तर 'सिप' असे आले तर आज अडचण, उद्या उपाय असतो. 'आमच्याच यंत्रावर चालतो' असे उत्तर आले तर पुढे प्रत्येक दुरुस्तीला त्याच दारी जावे लागेल, हे समजून सौदा करावा.

२. जुन्या बाजारात मोठ्या कचेऱ्यांतून निघालेले फोन स्वस्त मिळतात. त्यांतील कित्येक स्किनीचे असतात. काही नमुन्यांत सिपचा प्रोग्राम भरता येतो. तो भरलेला आहे काय, हे चालवून पाहूनच पैसे द्यावेत.

३. एका बाजूने आवाज येत नसेल तर वायर बदलण्याआधी राउटरमधील 'सिप एएलजी' ही सोय पाहावी. हाच तो मदतनीस. पुष्कळ राउटरमध्ये तो अर्धवट लिहिलेला असतो आणि शहाण्या फोनने बरोबर लिहिलेला पत्ताही बिघडवितो. तो बंद करून पाहावा. अनेकदा तेवढ्यानेच आवाज सुरू होतो.

४. दोन पेढ्या किंवा पेढी व कारखाना जोडावयाचे असतील तर दोन्ही ठिकाणच्या राउटरमध्ये खासगी बोगदा, म्हणजे व्हीपीएन, करून घ्यावा. मग दोन्हीकडचे फोन एकाच घरात असल्यासारखे बोलतात आणि त्या दोघांपुरता पत्ते बदलण्याचा प्रश्नच उरत नाही. मात्र दोन्ही जागी आतील पत्ते वेगवेगळे ठेवावेत.

५. आपल्या देशात इंटरनेट टेलिफोनला १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली, तीही अटींसह. बाहेरील नंबरावर बोलण्याची सेवा परवानाधारक कंपनीकडूनच घ्यावी. स्वस्ताच्या मोहाने भलत्याच्या हाती व्यवसाय देऊ नये.

शेवटी एवढेच सांगावयाचे की, खुल्या सॉफ्टवेअरचा मुनशी इमानी आहे, फुकट राबतो आणि सांगाल ती भाषा शिकावयास तयार असतो. परंतु जी भाषा कोणी शिकवीतच नाही, ती तो कोठून शिकणार? फोन घेताना आपण रंग, बटणे आणि किंमत पाहतो. त्याची भाषाही पाहण्याची सवय लावून घेतली तर "हॅलो, हॅलो" म्हणत बसण्याची वेळ येणार नाही आणि कारागिराचे बिलही वाचेल.